देव कोण नेणार?

आईचं चौदावं झालं त्या दुपारी आम्ही तिघे भाऊ सोप्यात बसलो आणि वाटणी उरकली. जमिनीचं वडिलांच्या हयातीतच ठरलं होतं. दागिने बहिणीला आणि सुनांना गेले. पितळेच्या हंड्यावरून थोडी थट्टा झाली, कारण तो कुणाच्याच फ्लॅटमध्ये मावणार नव्हता. तासाभरात सगळं आटोपलं. इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेली आत्या तेव्हा म्हणाली, "आणि रं, देव कोण नेणार?"

कुणी बोलेना. थोरल्याचा पुण्यातला देव्हारा फर्निचरवाल्याने भिंतीत बसवून दिलेला आहे, त्यात आधीच गर्दी. धाकट्याच्या घरी दोघंही सकाळी सातला बाहेर पडतात. राहिलो मी, म्हणजे घरातला जाहीर नास्तिक. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मला 'समितीवाला' म्हणतात. खरं तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा मी कधी सभासदही नव्हतो, वार्तापत्राचा वर्गणीदार तेवढा होतो.

"मी नेतो," मी म्हणालो.

"तू?" आत्या म्हणाली. त्या एका अक्षरात जे होतं त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न मी गेली काही वर्षं करतो आहे.

देव म्हणजे सात टाक. पातळ चांदीचे, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठे. चिंच आणि राख लावून पिढ्यान्‌पिढ्या घासल्यामुळे नाकडोळे पुसले गेलेले. खंडोबा घोड्यावरून ओळखू येतो. जोतिबा, भवानी आणि खरसुंडीचा सिद्धनाथ हे आई सांगायची म्हणून माहीत. दोन देवी अशा, की त्यांची नावं फक्त तिलाच ठाऊक होती आणि आम्ही कधी विचारली नाहीत. सातवा वीर. घराण्यात कधीतरी कुणीतरी लढाईत किंवा मारामारीत किंवा वाघाच्या तोंडी गेला, त्याचा टाक. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. सातांपैकी सहांच्या असण्यावर माझा विश्वास नाही, आणि सातवा मात्र नक्की होऊन गेलेला माणूस आहे. पण तो पुसलाय सगळ्यांहून जास्त.

आमच्या भागात संशय ही काही आयात केलेली वस्तू नाही. सज्जनगड आणि गोंदवलं ज्या सातारा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू. गोपाळ गणेश आगरकर तिथे १८५६ साली जन्मले. आज टेंभू म्हटलं की आटपाडी-खानापूरच्या शेतकऱ्याला कृष्णेचं पाणी वर चढवणारी उपसा योजना आठवते, आगरकर नव्हे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कोरड्या मुलखाला पाणी लागतं. पण ज्या माणसाची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्याने देवाबद्दल जे प्रश्न विचारायचे ते एकोणिसाव्या शतकातच विचारून ठेवले होते. अडतिसाव्या वर्षी तो गेला. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्याची मुळं सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांत जितकी खोल गेली तितकी क्वचितच कुठे गेली असतील. (तेव्हा सांगली वेगळी नव्हती. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली झाला, त्याचं नाव सांगली १९६० साली पडलं. म्हणून या लेखात मी दोन्हीकडची माणसं एकाच पंगतीला बसवतो.)

म्हणजे देव आहे की नाही या वादाची शस्त्रं आमच्याकडे दीडशे वर्षं पाजळलेली आहेत. पण मी ज्या श्रद्धाळू आणि अश्रद्ध माणसांना जवळून पाहिलं, त्यांच्यातला एकही जण या वादामुळे रात्री जागा राहिलेला नाही. माणसं जागी राहतात ती दुसऱ्याच गोष्टींनी. बोललेला नवस फेडायचा राहिला. कुलदैवताला जाऊन चार वर्षं झाली आणि नेमका आता मुलाचा अपघात झाला. आई गेली, आता दिवा कोण लावणार? हे प्रश्न देवाच्या असण्याचे नाहीत. भीतीचे आहेत किंवा कर्तव्याचे. या दोन गोष्टी घरात इतक्या मिसळून राहतात की एक उपटायला गेलं की दुसरीही हातात येते.

मांढरदेवीचं उदाहरण टाळता येत नाही. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, वाई तालुक्यातल्या डोंगरावर काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मागून येणारा लोंढा, मग दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आम्ही शहाण्या लोकांनी लिहिलं की श्रद्धेने माणसं मारली. मीही तसंच बोललो होतो, आणि आता मला ते बरोबर वाटत नाही. चेंगराचेंगरीत माणसं मरतात ती वाट अरुंद असल्यामुळे आणि गर्दीचं नियोजन नसल्यामुळे. रेल्वेच्या पुलावरही ती तशीच मरतात. मांढरदेवीला श्रद्धेबद्दल काही विचारायचं असेल तर झाडांकडे बघून विचारावं. तिथे झाडांना लिंबं आणि काळ्या बाहुल्या खिळ्यांनी ठोकलेल्या असायच्या. कुणाचं तरी वाटोळं व्हावं म्हणून किंवा कुणी आपल्यावर केलेलं परतावं म्हणून. तो खिळा ठोकणारा माणूस देवीवर प्रेम करत नसतो. तो घाबरलेला असतो.

डोक्यात जट झालेल्या बाईचंही तेच. केसांचा गुंता होतो, धुता-विंचरता येत नाही, आणि कुणीतरी सांगतं की ही देवीची खूण आहे. मग वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर. समितीच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन अशा जटा कापतात. कात्री चालवायला थोडा वेळ पुरतो. त्याआधी कित्येक दिवस, कधी महिने, बोलण्यात जातात, कारण प्रश्न एकच असतो: कापली आणि देवी कोपली तर?

इथेच मला वाटतं की श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातली रेघ आपण चुकीच्या जागी शोधत आलो. पुरावा आहे ती श्रद्धा आणि नाही ती अंधश्रद्धा, असं म्हणावं तर श्रद्धा शिल्लकच उरत नाही. पुरावा असला की त्याला श्रद्धा कशाला म्हणायचं? जुनी ती श्रद्धा आणि बुवाबाजी ती अंधश्रद्धा, हेही टिकत नाही, कारण आजचं जुनं कधीतरी कुणा बुवाचंच होतं. माझी कसोटी वेगळी आहे. ही गोष्ट उद्या सोडली तर काय होईल? "काही नाही, चुकल्या-चुकल्यासारखं होईल," असं उत्तर आलं तर ती श्रद्धा, माझी नसली तरी. "कोप होईल," "पोरं वाचायची नाहीत," "भावकी दारात उभी करणार नाही," असं उत्तर आलं तर तिथे देव नाही, पहारा आहे. पहारा देवीचा असो, भगताचा असो की जातपंचायतीचा. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला. तो धर्माबद्दल काही म्हणत नाही. त्याने फक्त बाहेर पडायचा दरवाजा उघडा ठेवण्याची सोय केली आणि मला तो त्या दशकातला सगळ्यांत धार्मिक कायदा वाटतो.

डॉक्टर नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, कबड्डी खेळले, साताऱ्यात दवाखाना चालवला, व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. १९८९ साली समिती काढली तेव्हा त्यांनी भूमिका घेतली की देव आणि धर्म याबाबत समिती तटस्थ राहील. विरोध असेल तो शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना. कट्टर नास्तिकांना हे बोटचेपं वाटायचं. कट्टर आस्तिकांना वाटायचं की हा मुखवटा आहे. मी पहिल्या गटात होतो. साताऱ्या-सांगलीतल्या चहाच्या टेबलांवर मी अनेकदा तावातावाने म्हटलंय की मुळावर घाव न घालता फांद्या छाटून काय होणार. आज मागे वळून बघताना दिसतं की तो माणूस डॉक्टरासारखा विचार करत होता. पेशंट दारू का पितो याचं तत्त्वज्ञान नंतर बघता येईल, आधी त्याचा हात थरथरायचा थांबला पाहिजे. लोकांच्या मनातून देव काढायचा हा त्यांचा उद्योगच नव्हता. भीती काढायची होती. आणि भीतीवर ज्यांचं पोट चालतं त्यांना नास्तिकापेक्षा असा माणूस जास्त धोक्याचा वाटतो.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यातल्या एका पुलावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तो पूल महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे, अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलेले, आणि मनापासून ईश्वर मानणारे. देव मानणारा सुधारक आणि देवाबद्दल तटस्थ राहिलेला सुधारक, दोघांची नावं त्या पुलावर अशी एकत्र आली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर जवळजवळ दोन दशकं झगडले, त्याचा वटहुकूम हत्येनंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. हत्येच्या खटल्याचा निकाल यायला मात्र मे २०२४ उजाडला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. त्या कायद्याचा मसुदा वाचावा. नरबळी, अघोरी प्रथा, भूत उतरवण्यासाठी मारहाण, असं सगळं त्यात आहे. देव नाही म्हणणारं एक वाक्य नाही.

तरीही दाभोलकरांच्या तटस्थतेने माझ्यासारख्यांचा एक प्रश्न मोकळाच सोडला. भीती गेली. मग सात टाकांचं काय करायचं?

इथे मला वाईच्या एका माणसाकडे जावं लागतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पोरवयात वाईला प्राज्ञपाठशाळेत आले. विनोबाही गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन काही महिने तिथे शिकून गेले. या पाठशाळेत न्याय, वेदान्त, मीमांसा अशी जुन्या धाटणीची विद्या होती, आणि तिथूनच धर्मकोशाचं अवाढव्य काम उभं राहिलं. लक्ष्मणशास्त्र्यांनी ते पुढे चालवलं. हेच शास्त्रीबुवा मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे झाले, 'हिंदू धर्माची समीक्षा' लिहिते झाले. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ साली मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोश त्यांनी वाईत बसून केला. म्हणजे एकाच गावात, एकाच माणसाने धर्माचा कोशही केला आणि इहलोकातल्या ज्ञानाचाही.

आता याच माणसाच्या आयुष्यातली ११ मे १९५१ ही तारीख. सोमनाथाची प्राणप्रतिष्ठा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद हजर, पंतप्रधान नेहरू नाराज. आणि पौरोहित्याला कोण? वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. रॉयवादी, बुद्धिप्रामाण्यवादी.

कॉलेजात असताना हे प्रथम वाचलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. एक तर हा माणूस नास्तिक नसावा किंवा प्रामाणिक नसावा, तिसरं काही सुचत नव्हतं. आज सुचतं. ज्याला मीमांसा कळते त्याला विधी म्हणजे काय हे आमच्यापेक्षा बरं कळतं. पूर्वमीमांसा हे गमतीदार शास्त्र आहे. यज्ञ कसा करायचा याचा इतका काथ्याकूट दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि तरी जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची गरज त्या दर्शनाच्या जुन्या आचार्यांना वाटली नाही. कर्म करायचं ते सांगितलंय म्हणून. वर बसून कुणी बघतंय म्हणून नव्हे. आपल्याच परंपरेत हा रस्ता असताना आम्ही "देव मानतोस की नाही" या एका फाटकावर गर्दी करून का उभे राहिलो, हे मला समजत नाही. शास्त्रीबुवांनी मनात काय ठरवलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. मी एवढंच म्हणतो की विधी जाणणं, विधी करणं आणि विधीच्या मागचा देव मानणं ही तीन कामं आहेत आणि एकाच माणसाने तिन्ही केली पाहिजेत असं नाही.

उलट्या बाजूनेही हे खरं आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, 'कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. माझ्या नास्तिक मित्रांनी पेढे वाटले. याचिका करणारे कोण होते हे फारसं कुणी बघितलं नाही. ते येशूवर विश्वास ठेवणारे लोक होते. येशू मानतो पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही, असं त्यांचं म्हणणं. निधर्मी असण्याचा आमचा हक्क आस्तिकांनी मिळवून दिलाय.

पण हे सगळं पुस्तकी झालं. घरात काय झालं ते सांगतो.

टाक सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी आणले तेव्हा मी गृहीत धरलं होतं की ते देव्हाऱ्यात जातील आणि रोज दिवा लागेल. बायको श्रद्धाळू आहे. लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती. तिने लाल फडक्यातली पुरचुंडी बघितली आणि म्हणाली, "हे तुमचे देव. तुम्ही बघा." मला वाटलं थट्टा करते आहे. "अहो, वीस वर्षं बघते आहे मी," ती म्हणाली. "तुम्ही नास्तिक आहात हे बरंच आहे. उपास मी करायचे, सोवळं मी सांभाळायचं, तुमच्या आईचा वार मी धरायचा. गौरी मी बसवायच्या आणि पाहुण्यांसमोर विवेक तुमचा. तुमच्या नास्तिकपणाचा खर्च माझ्या खात्यात नको."

महाराष्ट्रातल्या पुरोगामी घरांचा इतका चोख जमाखर्च मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. व्याख्यानं देऊन रात्री घरी येणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांची घरं मला माहीत आहेत. आत देव्हाऱ्यात निरांजन तेवतंय, आणि ते म्हणतात, "बायकोच्या भावना दुखावत नाही." भावनेचा प्रश्न नसतोच. कुलाचार चालू राहतो, भावकीत नाव राहतं, सणाला पुरणपोळी मिळते, आणि अश्रद्धेला एक पैसाही पडत नाही. घरातला पुरुष फुकटात नास्तिक असतो.

तर पुरचुंडी कपाटात गेली. वर रेशनकार्ड, खाली खरेदीखत, मध्ये खंडोबा.

जे सुटलं ते काय, हे मला एका मार्गशीर्षात कळलं. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. ताम्हनात भंडारा, खोबरं, विड्याची पानं. पाच पुरुष मिळून ताम्हन तीनदा उचलायचं आणि येळकोट करायचा. गावाकडे भावकीतले पाच लगेच जमायचे. सांगलीत मला पाच माणसं गोळा करता आली नसती. हा देवाचा प्रश्न नव्हता. माझ्या ओळखी भरपूर आहेत, पण ज्याला "जरा ये, हे उचलायला हात लाव" म्हणता येईल आणि जो का म्हणून विचारणार नाही, असा माणूस नव्हता.

सत्यशोधकांना हे कळलं होतं असं मला वाटतं. फुल्यांनी भटाशिवाय लग्न लावायचं म्हटलं तेव्हा लग्न रद्द केलं नाही, स्वतःची मंगलाष्टकं रचली. क्रांतिसिंह नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे. त्यांच्या प्रतिसरकारने इंग्रजांना चारेक वर्षं या भागात सळो की पळो केलं आणि त्याच धामधुमीत गांधी-लग्नं लावली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही, पण मांडव होता आणि त्यात गाव होतं. आमच्या पिढीने युक्तिवाद घेतले आणि मांडव सोडून दिला. रजिस्टर लग्नात तीन साक्षीदार लागतात, मयताला तर एकही लागत नाही. गोंदवल्याला मी गेलोय, रामनामासाठी नव्हे, माणदेशात कामाला गेलो होतो आणि दुपार झाली होती. पंगतीत बसलो. भात, आमटी. वाढणाऱ्याने पान बघितलं, माझ्या कपाळाला काही आहे की नाही ते बघितलं नाही. श्रद्धेचं सगळ्यांत अवघड आव्हान मला त्या पंगतीत वाटलं, कारण त्याला माझ्याकडे उत्तर म्हणून दाखवायला दुसरी पंगत नव्हती.

ऑगस्ट २०१९. कोयनेतून विसर्ग वाढत होता आणि सांगलीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: आयर्विन पुलाला किती? इशारा, धोका, पन्नास, त्रेपन्न. आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी दिसायला लागलं तेव्हा शेजारच्या काकू खण-नारळ घेऊन निघाल्या, कृष्णामाईची ओटी भरायला. त्यांचा इंजिनिअर मुलगा मोबाईलवर क्युसेकचे आकडे बघत त्यांच्या मागून छत्री धरून चालला होता. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं करणं विसंगत वाटत नव्हतं. पाणी आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडलो.

कॉलेजच्या हॉलमध्ये रात्री पिशवी उघडली. कागदपत्रं, औषधं, मुलीची मार्कशीट, आणि तळाशी लाल फडकं. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. "मी नाही घेतलं," ती म्हणाली. कपाट मीच रिकामं केलं होतं, अंधारात, गुडघाभर पाण्यात. घेतल्याचं मला आठवत नाही. भीतीने घेतलं का? कोपाचा विचार मनात आला नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो, शपथ कुणाची घ्यायची तो प्रश्न वेगळा. ते आईचे होते. ती ज्यांना रोज सकाळी आंघोळ घालायची त्यांना गाळात सोडून येणं मला जमलं नसावं.

पाणी ओसरल्यावर महिनाभर चिखल काढला. चांदी काळी पडली होती. दिवाळीच्या आधी मी पुरचुंडी घेऊन सराफ कट्ट्यावर गेलो. सराफ म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने सातही टाक काट्यावर ठेवले, वजन बघितलं आणि सवयीने विचारलं, "मोड घालायची, का उजळायचे?"

त्या दोन शब्दांच्या मध्ये काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. नव्हतं. उजळा, म्हणालो. त्याने एकेक बोटावर घेऊन उजेडात धरला. खंडोबा ठीक आहे, म्हणाला, जोतिबाही चालेल, या दोन बायका कोण? मला माहीत नाही, म्हणालो. मग वीराचा टाक त्याने बराच वेळ फिरवून बघितला.

"हा पार गेलाय. नवा घडवावा लागेल."

"याचा चेहरा येईल का परत?"

"चेहरा कुठला काढणार?" तो म्हणाला. "वीराचा एकच ठसा असतो माझ्याकडं. घोडा, ढाल, तलवार. कुणाचा का असंना, सगळ्यांना तोच चालतो."